मुंग्या लागायच्या आधी

"मुंग्या अजून लागल्या न्हाईत न्हवं, मग साखर कशाची?"

हा प्रश्न मला एका पैलवानानं विचारला. वय चव्वेचाळीस. पंधरा वर्षांपूर्वी त्यानं लांग उतरवली, म्हणजे कुस्ती सोडली, आणि आता गुळाच्या अडत दुकानात गादीवर बसतो. माझ्याकडे आला होता खांदा धरला म्हणून. हात वर जाईना, सदरा घालताना बायकोची मदत घ्यावी लागायची. तपासताना माझं लक्ष मानेकडे गेलं. मानेच्या वळ्यांत काळपट, हाताला मखमलीसारखा लागणारा पट्टा होता. त्याला वाटत होतं, घामाचा मळ आहे. दगडानं घासून झालं होतं, लिंबू चोळून झालं होतं. टेप घेऊन पोट मोजलं, बेंबीजवळ १०८ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांत नव्वदच्या वर गेलं की सावध व्हायचं असतं. रक्त तपासायला सांगितलं तेव्हा त्यानं हा मुंग्यांचा प्रश्न टाकला. त्याच्या वडिलांच्या वेळी मोरीत लघवीला मुंग्या लागल्या होत्या, तेव्हाच घरात कळलं होतं.

उपाशीपोटीची साखर आली ११८. ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १७२. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ६.१. म्हणजे मधुमेह झालेला नव्हता, पण उंबऱ्यावर उभा होता. उपाशीपोटी १०० ते १२५, दोन तासांनी १४० ते १९९, एचबीएवनसी ५.७ ते ६.४ या पट्ट्यातल्या माणसाला पूर्वमधुमेही म्हणतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेही सुमारे १० कोटी १० लाख आहेत आणि या उंबऱ्यावरचे १३ कोटी ६० लाख. आत आलेल्यांपेक्षा दारात उभे असलेले जास्त आहेत.

मी आयुर्वेदाचा पदवीधर. कोल्हापुरात सव्वीस वर्षं दवाखाना चालवतो. आज जे लिहितोय ते माझ्याच व्यवसायातल्या माणसांना काहीसं बोचेल, पण ते बोलायची वेळ आली आहे. मधुमेह सुरुवातीलाच ओळखणं आणि थांबवणं यात आयुर्वेदाकडे खरोखर मोठं धन आहे, आणि ते बाटलीत नाही. ते निदानात, आहारात आणि व्यायामात आहे. आम्ही वैद्यांनी आणि आमच्या गिऱ्हाइकांनी मिळून बाटली उचलली आणि शास्त्र फडताळात ठेवलं. आणि दुसरं असं की, हे शास्त्र आज इमानानं पाळायचं तर वैद्याच्या हातात नाडीइतकंच मोजपट्टीला आणि साखर मोजायच्या यंत्राला स्थान हवं.

मुंग्यांपासूनच सुरू करतो. चरकसंहितेच्या निदानस्थान या भागात प्रमेहाची (मधुमेह ज्यात मोडतो त्या मूत्रविकारांची) पूर्वरूपं, म्हणजे रोग उघड व्हायच्या आधीच्या खुणा, दिलेल्या आहेत. केसांच्या जटा होणं, तोंड गोड पडणं, हातापायांना बधिरपणा आणि आग, तोंड-टाळू-घसा कोरडा पडणं, तहान, आळस, अंगावर मळ साचणं, सदा झोप आणि सुस्ती, आणि शरीराकडे व लघवीकडे मुंग्या धावणं. दोन हजार वर्षांपूर्वी नुसत्या डोळ्यांनी, कानांनी आणि नाकानं एवढं टिपणारा माणूस केवढा बारकाईचा असेल! पैलवानाच्या मानेवरचा तो पट्टा म्हणजेच ग्रंथातलं 'मलं काये', अंगावरचा मळ, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण तिकडे बघायची सवय मला त्या यादीनंच लावली, हे मात्र खरं.

आता याच यादीकडे आजच्या शरीरक्रियेच्या अंगानं बघा. लघवीत साखर कधी उतरते? रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडं ती अडवू शकत नाहीत, तेव्हा. म्हणजे मोरीत मुंग्या दिसल्या तेव्हा माणूस उंबरा ओलांडून माजघरात येऊन बसलेला असतो. तळपायाची आग आणि बधिरपणा तर बऱ्याचदा मज्जातंतूंना इजा झाल्याची खूण. त्या काळी डोळ्यांना दिसणारी ती सगळ्यात आधीची खूण होती, म्हणून ऋषींनी ती पूर्वरूपात घातली. आज तिच्याही कितीतरी आधी रक्ताच्या एका थेंबात खूण सापडते. पूर्वरूपातच रोग धरायचा हा चरकांचा आग्रह ज्याला खरंच पटलाय, त्यानं मुंग्यांची वाट बघायचीच नाही. उंबऱ्यावरच्या बहुतेक माणसांना काहीच होत नसतं. ना तहान, ना आग, ना वजन उतरणं. नाडी बघून हे कळतं असं सांगणारे आहेत. मला सव्वीस वर्षांत नाडीवरून ११८ आणि ९२ यांतला फरक कळलेला नाही, आणि ज्यांना कळतो म्हणतात त्यांनी रुग्णाला मोजमापाची खात्री का देऊ नये हेही मला कळलेलं नाही.

यंत्र परकं, म्हणून शास्त्राबाहेरचं, हा आक्षेप मी सभांमधून पुष्कळदा ऐकला. सुश्रुतांनी स्पष्ट लिहून ठेवलंय, 'एकं शास्त्रमधीयानो न विद्याच्छास्त्रनिश्चयम्'. एकच शास्त्र शिकणाऱ्याला शास्त्राचा निश्चय कळत नाही, म्हणून चिकित्सकानं बहुश्रुत व्हावं. लघवीचा रंग, गढूळपणा, वास, गोडी तपासणाऱ्यांच्या परंपरेतले आपण. बोटाला टोचून साखर बघणं हे त्याच परीक्षेचं पुढचं पाऊल आहे.

ओळखण्याचं झालं. आता थांबवण्याचं, आणि इथे मला आमच्या कोल्हापूरशीच बोलायचं आहे.

चरकांच्या चिकित्सास्थानात प्रमेहाच्या कारणांचा एक श्लोक आहे. 'आस्यासुखं स्वप्नसुखं दधीनि ग्राम्यौदकानूपरसाः पयांसि । नवान्नपानं गुडवैकृतं च प्रमेहहेतुः कफकृच्च सर्वम् ॥' बसून राहण्याचं सुख, झोपेचं सुख, दही, गावात पाळलेल्या, पाण्यातल्या आणि पाणथळ मुलखातल्या प्राण्यांच्या मांसाचे रस, दूध, नवं धान्य, गुळाचे पदार्थ. श्लोक पुन्हा वाचा आणि आपला आठवडा डोळ्यासमोर आणा. अडतीची गादी. दुपारची ताणून दिलेली झोप. वाटी वाटी दही. रविवारचा तांबडा आणि पांढरा रस्सा, वाट्यावर वाट्या. गंगावेशीत म्हशीखाली धरलेला धारोष्ण दुधाचा पेला. आणि गूळ. हा श्लोक लिहिणाऱ्यानं पंचगंगा पाहिलेली नव्हती, तरी आमचं ताट त्याला पाठ होतं. (शेळी-मेंढीचं मांस नेमक्या कुठल्या वर्गात धरायचं यावर संहितांमध्ये एकवाक्यता नाही; त्या खोलात इथे जात नाही.)

गुळाचं जरा सविस्तर बोललं पाहिजे, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथं आहे. "आमच्यात साखर घरात येतच न्हाई डॉक्टर, सगळं गुळाचंच," हे वाक्य मी रोज ऐकतो, आणि सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर पथ्य पाळल्याचं समाधान असतं. गूळ देशी, गूळ काळसर, गुळात लोह, म्हणून गूळ आयुर्वेदिक, म्हणून गूळ चालतो. पण गुळात सर्वांत मोठा भाग साखरेचाच असतो आणि तो खाल्ल्यावर रक्तातली साखर साखरेसारखीच चढते. लोह आणि खनिजं आहेत, पण ती मिळवायला जेवढा गूळ खावा लागेल तेवढा खाऊन चालत नाही. हे मी कुठल्या परदेशी पुस्तकातून सांगत नाही. 'गुडवैकृतं' हा शब्द चरकांचा आहे. ज्याच्या नावानं आपण गुळाला परवाना देतो, त्याच ग्रंथानं गूळ कारणांच्या यादीत बसवला आहे.

हे लिहिताना मला वाईट वाटतं, खोटं सांगत नाही. माझ्या मामांचं गुऱ्हाळ होतं. दसरा झाला की चुलवाण पेटायचं, काहिलीतला रस उकळून वर मळी यायची, गुळव्या ती काढायचा आणि आम्ही पोरं उसाच्या कांडक्यावर गरम काकवी घेऊन फुंकत उभी. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला घरातल्या माणसाचा सत्कार झाल्यासारखं वाटलं होतं. गूळ करणाऱ्या शेतकऱ्याच्या पोटावर पाय द्यायची माझी इच्छा नाही. पण औषध म्हणून गूळ विकला जाऊ नये, पथ्याचा चहा म्हणून गुळाचा चहा दिला जाऊ नये, एवढं तरी आपण प्रामाणिक राहू.

"आमचा आजा शेरभर गूळ खायचा, त्याला कुठं काय झालं?" हेही ठरलेलं. आजा खायचा, खरं आहे. आजा पहाटे मोट धरायचा, दिवसभर नांगरामागं चालायचा, बाजाराला पाच कोस पायी जायचा. आजाच्या ताटातला गूळ आपण ठेवला आणि आजाचे पाय सोडून दिले. आता रानात ट्रॅक्टर, बांधापर्यंत मोटरसायकल, मोटार चालू करायला मोबाईल. पैलवानांचं तर याहून अवघड. थंडाई, बदाम, तूप, दूध, मटण हा खुराक हजार जोर आणि हजार बैठका मारणाऱ्या शरीरासाठी असतो. आखाडा सुटतो तिशी-पस्तिशीत, खुराक सुटत नाही. शरीर थोराड असल्यामुळे वाढलेलं पोट कुणाला खटकतही नाही. उलट "तब्येत आहे" म्हणतात. कुस्तीचं खासबाग मैदान गाजवलेली माणसं पन्नाशीत पायाच्या जखमा घेऊन आलेली मी पाहिली आहेत. निदानस्थानातच एक ओळ आहे: खाण्याचा हावरा आणि अंघोळ व चालणं यांचा कंटाळा करणारा जो माणूस, त्याच्याकडे प्रमेह असा झेपावतो, जसा पक्षी घरटं असलेल्या झाडाकडे.

आणि उपाय? आयुर्वेदाचा उपाय काढा-गुटीपासून सुरू होतो अशी समजूत आहे. सुश्रुतांनी निर्धन प्रमेह्याला काय सांगितलंय ते बघा. पायताण नाही, छत्री नाही, भिक्षा मागून खावं, एका गावात एकच रात्र राहावं आणि मुनीसारखं संयमानं शंभर योजनं किंवा त्याहून जास्त चालावं. दुसऱ्या कुणाला शेत कसायला, विहीर खणायला सांगितलंय. धनवंताला वरी आणि देवभातासारख्या हलक्या रानधान्यावर राहायला सांगितलंय. चरकांनी प्रमेह्याचं मुख्य अन्न सातू ठरवलं. हा निव्वळ व्यायामाचा आणि आहाराचा कार्यक्रम आहे, आणि आधुनिक चाचण्यांनी नेमकं हेच तपासलं. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात उंबऱ्यावरच्या लोकांना आठवड्याला दीडशे मिनिटं चालायला लावून वजन सुमारे सात टक्के उतरवायला सांगितलं. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, तर मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनच्या गोळीनं ३१ टक्क्यांनी. आपल्याकडे चेन्नईत झालेल्या, २००६ च्या अभ्यासात आहार-व्यायामानं २८.५ टक्के घट झाली, गोळीनं जवळपास तेवढीच, आणि दोन्ही एकत्र देऊनही त्याहून जास्त नाही. आकडे वेगळे आहेत, आपली शरीरंही वेगळी आहेत. काडीसारख्या हातापायांच्या माणसाचंही पोट सुटलेलं असतं आणि बिघाड लवकर होतो. पण दिशा तीच.

औषधं निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही, मी ती देतो. 'मेहेषु धात्रीनिशे', प्रमेहात आवळा आणि हळद, हे वाग्भटांचं वचन माझ्या रोजच्या वापरात आहे. गुडमारची पानं चावली की काही वेळ गोडाची चव लागत नाही, हे कुणीही करून बघावं. आपल्या सह्याद्रीतली सप्तरंगी ही वनस्पती आतड्यात पिष्टाचं पचन मंदावते. विजयसार, म्हणजे आपला बिबळा, नव्यानं निदान झालेल्या रुग्णांना देऊन भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं खुली चाचणी घेतली होती आणि बऱ्याच जणांची साखर आटोक्यात आली होती. पण त्यात मोजून मापून अर्क दिला होता. बिबळ्याच्या पेल्यात रात्रभर ठेवलेलं पाणी म्हणजे तोच डोस नव्हे. ही औषधं सोबतीला आहेत. मटणाच्या चौथ्या वाटीनंतर घेतलेल्या निशामलकीच्या, म्हणजे हळद-आवळ्याच्या, चमच्यात काही जादू नाही.

जादूचा दावा करणाऱ्यांबद्दल मात्र राग येतो. भिंतींवर, मोबाईलवर, यात्रेच्या स्टॉलवर 'मधुमेह मुळापासून', 'इन्सुलिन कायमचं बंद' अशी वाक्यं उघड चालतात. औषधे आणि जादुई उपचार यांच्या जाहिरातींबाबतचा कायदा १९५४ चा आहे, आणि ज्या रोगांवर उपचाराची जाहिरात करायला त्यानं मनाई केली त्या यादीत मधुमेह आहे. सत्तर वर्षं झाली. अशा बाटल्यांवर विसंबून इन्सुलिन सोडलेलं लहान पोर दवाखान्यात आणलं जातं तेव्हा श्वास जोरजोरात चालू असतो, ओकाऱ्या होत असतात, आणि वेळ फार थोडा असतो. हेही शास्त्राविरुद्धच आहे. चरकांनी प्रमेही दोन प्रकारचे सांगितले, एक स्थूल आणि बलवान, दुसरा कृश आणि दुर्बळ. पहिल्याचं शोधन, म्हणजे शरीरशुद्धी, करा, दुसऱ्याचं पोषण करा. सुश्रुतांनी जन्मजात आणि अपथ्यानं झालेला असा भेद केला. वाळलेल्या पोराला कारल्याचा रस पाजून उपाशी ठेवणारा माणूस आयुर्वेद करत नसतो.

अजून एक गोष्ट, जिच्याबद्दल मला स्वतःलाच जाब द्यायचा आहे. बाळंतिणी. गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईची साखर बाळंतपणानंतर बहुधा खाली येते आणि घरात सगळ्यांना हायसं वाटतं. पुढं मधुमेह होण्याची तिची शक्यता मात्र इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त राहते. सहा ते बारा आठवड्यांत ग्लुकोज देऊन तिची पुन्हा तपासणी व्हायला हवी, आणि पुढं नियमित. आमच्याकडे त्या सव्वा महिन्यात काय होतं? डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तुपाचा शिरा, सगळं गुळातलं, आणि अंग हलवायचं नाही. अशी एक मुलगी तिच्या आईबरोबर दूध वाढवायच्या काढ्यासाठी माझ्याकडे आली होती. मी शतावरी लिहून दिली. सातव्या महिन्यात तिची साखर वाढली होती, हे मी विचारलं नाही. चार वर्षांनी ती अंगाला खाज आणि न भागणारी तहान घेऊन आली, तेव्हा साखर २६० होती. आईनं लाडू प्रेमानंच दिले होते. विचारायचं काम माझं होतं. आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाळंतिणीला पहिला प्रश्न तोच असतो, आणि सासूला समोर बसवून लाडवांचा हिशेब होतो. खारीक-खोबरं राहतं, गूळ जातो, महिन्याभरानं चालणं सुरू होतं.

म्हणून मागणं काय आहे ते सरळ मांडतो. शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगड, आजरा, चंदगड इथल्या वाड्यावस्त्यांवर माणूस आजारी पडला की पहिला डॉक्टर पुष्कळदा बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाचा पदवीधरच असतो. उपकेंद्रांतून समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करणाऱ्यांतही आमची मुलं-मुली मोठ्या संख्येनं आहेत. तिशी ओलांडलेल्या सगळ्यांची साखर आणि रक्तदाब तपासायचा, हे राष्ट्रीय कार्यक्रमाचं उद्दिष्ट आहेच. तर मग गावातल्या खाजगी वैद्यालाही त्यात सामील करून घ्या. त्याला तपासणीच्या पट्ट्या पुरवा, मोजपट्टी द्या, नोंदवही द्या. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त निघालेला रुग्ण कुठे पाठवायचा, ते नाव आणि तो दिवस ठरवून द्या. बदल्यात वैद्यानं दोन शब्द द्यायचे: चालू गोळी किंवा इन्सुलिन स्वतःच्या अधिकारात बंद करणार नाही, आणि मोजल्याशिवाय औषध सुरू करणार नाही. उंबऱ्यावरच्या माणसाला थोपवून धरायला वेळ लागतो. काय खाता, किती वाजता, कुणाच्या हातचं, चालता किती, झोपता किती, हे खोदून खोदून विचारावं लागतं. आमचं शिक्षणच मुळी याचं झालंय. मोठ्या दवाखान्यात रांगेतल्या डॉक्टरला तेवढी उसंत मिळत नाही; आम्हाला मिळते.

तालमींबद्दलही एक बोलतो. पेठेपेठेत तालमी आहेत, शाहू महाराजांच्या काळापासूनचं वैभव आहे. त्यांतल्या कित्येक आता गणपतीपुरत्या उघडतात. सकाळी सहा ते आठ चाळिशीच्या पुढच्यांसाठी, आणि दुपारी दोन तास बायकांसाठी दारं उघडली तर नवी व्यायामशाळा बांधायला नको. रंकाळा तलावावर फिरायला येतात ती माणसं मुळात चालणारीच. न चालणारा आपल्या पेठेतून बाहेर पडत नाही, म्हणून त्याच्या पेठेतच काहीतरी हवं.

त्या पैलवानाचं सांगायचं राहिलं. तो पहिल्यांदा रुसला, महिनाभर फिरकला नाही. मग बायको घेऊन आली. रस्सा सोडायला लावला नाही, आठवड्यातून एकदा एक वाटी ठरली. दूध एका पेल्यावर आलं, गुळाचा चहा गेला, दुपारची झोप गेली, रात्रीच्या भाताऐवजी शाळूची भाकरी आणि उसळ आली. सकाळी जुन्या तालमीत पोरांना शिकवायला जायचं ठरलं, स्वतः माती उकरायची या अटीवर. निशामलकी चालू आहे. वर्षभरानं पोट ९९ वर आलं, वजन नऊ किलो उतरलं, उपाशीपोटीची साखर १०३, एचबीएवनसी ५.८. अजून उंबऱ्यावरच आहे, पण बाहेरच्या पायरीकडं तोंड करून. खांद्यालाही बराच आराम आहे. पुढची तपासणी मार्गशीर्षात. त्याआधी गुऱ्हाळं सुरू होतील, आणि दुकानात नमुन्याच्या ढेपा फुटायला लागल्या की प्रत्येकीचा खडा तोंडात टाकून बघायचा की नुसता हातावर घेऊन कणी आणि रंग पारखायचा, यावर आमचं अजून बोलणं चालू आहे.